कुटुंब आणि आरोग्य : दात्याच्या मूत्रपिंडांतील खडा

मूत्रपिंड देण्यास भाऊ सिद्ध झाला, रक्तगट जुळला, वडील मंडळींनीं होकार दिला, आणि सी. टी. स्कॅनमध्यें त्याच्याच एका मूत्रपिंडांत तांदळाच्या कणीएवढा खडा दिसला. आतां घरांत दोन पक्ष पडणें साहजिक आहे. एक म्हणतो, 'खड्याचें मूत्रपिंड काय कामाचें?' दुसरा म्हणतो, 'पूर्वींच्या पोटशुळाचें डॉक्टरांजवळ बोलूंच नका.' आमच्या मतें पहिला उतावळा आहे, आणि दुसरा घातकी.

खडा निघाला एवढ्यावरून दाता बाद होत नाहीं. तो कां झाला हें आधीं पाहतात. २४ तासांचें मूत्र सांठवून त्यांतील कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक आम्ल व सायट्रेट मोजतात. सिस्टिन्युरियासारखा आनुवंशिक विकार निघाला, किंवा दोन्ही बाजूंस वारंवार खडे होत असले, तर त्याचें मूत्रपिंड न घेणेंच बरें. खडा लहान, एकटा व एकाच बाजूस असेल, तर बहुधा खड्याचेंच मूत्रपिंड काढून घेतात. हें कित्येकांस विपरीत वाटतें. पण देणाऱ्याचें उरलेलें सारें आयुष्य एकाच मूत्रपिंडावर जावयाचें असतें. चांगलें तें त्याजकडेच राहावयास नको काय?

काढलेलें मूत्रपिंड बर्फांत असतांनाच मूत्रनलिकेंतून बारीक दुर्बीण घालून खडा काढतां येतो. फारच लहान असल्यास तसाच ठेवून त्यावर नजर ठेवतात. मात्र रोपण केलेल्या मूत्रपिंडाचे मज्जातंतु तुटलेले असल्यामुळें तेथें खडा अडकला तरी नेहमींचा शूळ उठत नाहीं. लघवी कमी होणें, ताप येणें, रक्तांतील क्रिॲटिनिन वाढणें, याच काय त्या खुणा. अशा वेळीं 'उद्यां पाहूं' म्हणूं नये.

दात्यानें दिवसास अडीच लिटर मूत्र होईल इतकें पाणी प्यावें व मीठ बेतानें खावें. आपल्या देशांत जिवंत दात्यांत स्त्रियाच अधिक आहेत. आणि सर्वांचीं पानें वाढून होईपर्यंत घोटभर पाणी पिण्याची सवड नसते, तीहि बहुधा त्यांनाच! १९९४ च्या अवयवरोपणाच्या कायद्यास दात्याची संमति स्वखुशीची लागते. म्हणून सुनेस वा आईस विचारावयाचें तें डॉक्टरांनीं एकांतांत विचारावें, मंडळींच्या देखत नव्हे. आणि शस्त्रक्रिया झाल्यावर तिच्या वार्षिक तपासणीची तारीख घरांतील कर्त्या पुरुषानें स्वतःच्या वहींत लिहून ठेवावी.