चित्रातला माळ किती आण्यांचा?

एकोणिसाव्या शतकातलं एखादं निसर्गचित्र दिसलं की लोक हमखास म्हणतात, ‘किती शांत होती हो तेव्हाची गावं!’ बारामतीत चित्रकला शिकवताना हे मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय आणि मला ते मुळीच पटत नाही.

एडवर्ड लिअर हा इंग्रज चित्रकार १८७४ च्या पावसाळ्यात पुण्यात होता. समोर बसून पेन्सिलीनं रेखाटायचं, कागदावरच तारीख, वेळ आणि रंगांची नावं टिपायची आणि रंग मागाहून भरायचे, ही त्याची रीत. हात विलक्षण सराईत. पण अशा चित्रांत झाड ऐसपैस असतं, आभाळ मोठं असतं आणि माणूस असतो तो झाडाची उंची कळावी एवढ्यापुरता.

आपल्या मातीचा रंग त्याआधीही कागदावर उतरला होता. गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३६ मध्ये नवी जमाबंदी सुरू केली ती इंदापूर तालुक्यात. शेताशेतांत साखळी फिरली, हद्दीचे दगड बसले. माती काळी की तांबडी, खाली मुरूम किती खोलीवर लागतो, हे पाहून जमिनीची प्रत ठरे: सोळा आण्यांपासून पार दोन आण्यांपर्यंत. चित्रकार ज्या तांबूस उताराला भुलेल, तोच कारकुनाच्या वहीत हलक्या प्रतीचा. ही आकारणी तीस वर्षांची होती. मुदत सरली आणि सारा वाढला. त्याच सुमारास अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाचा भाव कोसळला होता. कुणबी सावकाराच्या खतात आणखी रुतला.

लिअरच्या मुक्कामानंतर पुढच्याच वर्षी, १२ मे १८७५ रोजी, सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली गेली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आज बारामती तालुक्यात आहे. दंगल पसरली, चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा आला.

लिअरला मी दोष देत नाही. वाटसरूला कर्ज कसं दिसणार? पण आपण इथले आहोत. विहिरीवर मोट चालू आहे का, गाडी भरून कुठं निघाली, बांध दाखवलाय की पुसून टाकलाय, दुपारची वेळ लिहिली असेल तर माणसं रानात का नाहीत, हे आपण विचारायलाच हवं.

स्मरणचित्रात ‘माझं गाव’ काढायला सांगितलं की इंदापूरकडची पोरंही दोन डोंगर, मधोमध सूर्य आणि खाली नदी काढतात. त्यांच्या गावात ऊस आहे, कालवा आहे, सपाट माळ आहे, डोंगर नाही. ही सवय मोडायला हवी, आणि ती शाळेतच मोडता येईल. वर्गात जुनं निसर्गचित्र लावाल तेव्हा शेजारी भूमी अभिलेख कार्यालयातून आणलेला आपल्या गावचा नकाशा लावा. मग मुलांना विचारा, या झाडामागची जमीन किती आण्यांची असेल, आणि सारा भरून कसणाऱ्याच्या घरात काय उरत असेल?