जाहीर इशारा: आधी मागचा हिशेब, मग नवी वीज

राज्य सरकार, ऊर्जा व जलसंपदा विभाग आणि पंप्ड स्टोरेजसाठी सह्याद्री धुंडाळणाऱ्या कंपन्यांना भोर-वेल्ह्यातल्या धरणग्रस्तांचा हा जाहीर इशारा आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचे कबूल केले. ही रक्कम तुटपुंजी आहे, असे भारताने भर सभेत सुनावले. बरोबरच केले! भारताचे दरडोई कार्बन उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. ज्यांनी धूर केला त्यांनी भरपाई द्यावी, हे म्हणणे रास्तच आहे. मग हाच न्याय वेल्ह्याच्या घाटात येईपर्यंत कुठे गळून पडतो?

शंभरीला टेकलेल्या भाटघरच्या पाण्यावर नीरेच्या कालव्याकाठी बारामती-फलटणचा ऊस उभा राहिला. पानशेत-वरसगावने पुण्याची तहान भागवली. शेजारच्या मुळशीत १९२१ पासून सेनापती बापटांसोबत मावळे लढले. तरी धरण झाले आणि वीज मुंबईला गेली. इकडे धरणाच्या वरच्या वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत काय दिसते, ते येऊन पाहा. खाली जलाशय, वर टँकरच्या वाटेवर रांगेत लावलेले रिकामे हंडे.

आता भिवपुरीला १००० आणि शिरवट्याला १८०० मेगावॅटचे पंप्ड स्टोरेज प्रकल्प ठरले आहेत. दुपारच्या स्वस्त सौरविजेवर पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि रात्री खाली सोडून वीज करायची, अशी ही रीत. सौरविजेला अशा साठवणीची जोड लागते, हे आम्हालाही कळते. पण वरचा तलाव पठारावर होतो आणि पठारावर धनगरांची गुरे चरतात. कोळसा बंद करायचा म्हणून पुन्हा आम्हीच उठायचे काय?

म्हणून येत्या १ मेच्या ग्रामसभेपर्यंत पुढील गोष्टी झाल्याच पाहिजेत:

१. आमच्या दोन्ही तालुक्यांत कोणत्या जागा विचारात आहेत, त्याचे नकाशे व अहवाल मराठीत प्रत्येक ग्रामपंचायतीत लावा.
२. जुन्या धरणग्रस्तांची रखडलेली जमीन व मोबदल्याची प्रकरणे गावनिहाय निकाली काढा.
३. वरच्या वाड्यांना बारमाही नळपाणी द्या.
४. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय सर्वेक्षण नको. प्रकल्प झालाच, तर विजेच्या उत्पन्नात गावांचा कायमचा वाटा लेखी हवा.

मुदत टळली तर पठारावर मोजणीचा एक खुंटाही रोवू देणार नाही. चेलाडी फाट्यावर गुराढोरांसह रास्ता रोको होईल. लढा शांततेचा असेल, पण माघार नसेल.

पुणे-मुंबईकरांनो, दिव्याचे बटण तुमच्या हातात आहे. त्या विजेची किंमत कोण मोजतो, हे तुमच्या आमदार-खासदारांना विचारा. बाकूत मागितलेला न्याय भोर-वेल्ह्यात देता येत नसेल, तर तो मागण्याचा अधिकार सरकारला उरत नाही.