इंजिन धनिकाचे, हिशेब सर्वांचा

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराची नवी रचना अमलात आली. मोटारींवरील भरपाई उपकर रद्द झाला आणि ठळकपणे तीन दर उरले: लहान मोटारींवर १८ टक्के, मोठ्या मोटारींवर ४० टक्के आणि विजेवर चालणाऱ्या सर्व मोटारींवर, त्यांची किंमत कितीही असो, पूर्वीचाच ५ टक्के. एस.यू.व्ही. या नावाने ओळखली जाणारी उंच, दणकट आणि आलिशान मोटार आज डिझेल, पेट्रोल आणि वीज अशा तिन्ही रूपांत मिळते. त्यांपैकी कोणते इंजिन निवडावे, हा प्रश्न वरकरणी खाजगी आवडीनिवडीचा वाटतो. वस्तुतः गेल्या दीड दशकात या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी सरकारी करपत्रकाने दिले आहे. आणि त्या उत्तराची किंमत अशा मोटारीत कधीही न बसणाऱ्यांनीही मोजली आहे.

प्रथम यंत्राचा विचार करावा. दोन-अडीच टनांची गाडी हलवायची तर मंद गतीतही जोरकस ओढ देणारे इंजिन हवे. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते, ठिणगीची गरज लागत नाही. या उच्च दाबामुळे इंधनातील ऊर्जेचा अधिक भाग कामी येतो. शिवाय लिटरमागे डिझेलमध्ये पेट्रोलहून सुमारे दहा टक्के ऊर्जा अधिक असते. परंतु काजळीचे सूक्ष्म कण आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचा उपद्रवही याच इंजिनाचा. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाल्यावर या मोटारींना काजळी अडविणारी गाळणी आवश्यक ठरली. ती स्वच्छ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग वेगाने धावावी लागते. घर ते कचेरी एवढीच शहरातील ये-जा असेल, तर ती तुंबते. सारांश, लांब पल्ल्याच्या प्रवासाला डिझेल आणि शहरी वापराला पेट्रोल किंवा वीज, एवढाच तंत्राचा साधा निकष आहे.

काटकसरीचा आभास

डिझेल घेण्याचे समर्थन मात्र नेहमी काटकसरीच्या भाषेत केले जाते. हा हिशेब एकदा मांडून पाहणे उद्‌बोधक ठरेल. एक कोटी रुपयांची मोटार वर्षाला १२ हजार किलोमीटर धावते असे समजू. डिझेलची गाडी लिटरला १२ आणि पेट्रोलची ९ किलोमीटर जाते असे धरले, तर पहिलीला १,००० लिटर आणि दुसरीला सुमारे १,३३३ लिटर इंधन लागेल. डिझेल ९० आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर मानल्यास वार्षिक बचत ४८-४९ हजार रुपयांची होते. उलटपक्षी महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावे नोंदविलेल्या २० लाखांवरील पेट्रोल मोटारीस १३ टक्के, तर डिझेल मोटारीस १५ टक्के मोटार वाहन कर पडतो. म्हणजे दोन लाख रुपये आरंभीच अधिक गेले. ते भरून यायला चार वर्षे लागणार. आणि त्याच एक कोटीवर साडेसहा टक्के दराने वर्षाचे व्याजच साडेसहा लाख होते! ज्याने एवढ्या व्याजावर पाणी सोडले, त्याच्या निर्णयात इंधनाच्या बचतीला कितीसे स्थान असणार? तेव्हा स्वस्त इंधन ही त्याच्यासाठी प्रेरणा नसून केवळ बक्षिशी ठरते.

ही बक्षिशी एके काळी फार मोठी होती. पेट्रोलचे दर २०१० च्या जूनमध्ये नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. मधल्या काळात पहिली दोन वर्षे दोन्ही इंधनांच्या दरांतील अंतर वाढत गेले. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत ते लिटरमागे ३० रुपयांच्या पुढे पोचले होते. २०१२-१३ या एका वर्षात डिझेल स्वस्त विकल्यामुळे तेल कंपन्यांना आलेली तूट सुमारे ९२ हजार कोटी रुपयांची होती. शेतकऱ्याचा पंप आणि मालवाहू ट्रक यांच्यासाठी म्हणून दिलेली ही सवलत आलिशान मोटारीच्या टाकीतही तितक्याच मुक्तपणे ओतली जात होती. किरीट पारीख समितीने २०१० मध्येच डिझेल मोटारींवर ८० हजार रुपयांचे जादा उत्पादन शुल्क सुचविले होते. ते बसविण्याचे धैर्य झाले नाही.

यापुढील प्रकार तर अधिक विपरीत होता. १७ जानेवारी २०१३ रोजी केंद्राने घाऊक ग्राहकांना डिझेल बाजारभावाने देण्याचे ठरविले. घाऊक ग्राहक म्हणजे रेल्वे आणि राज्य परिवहन महामंडळे. परिणामी एस.टी.च्या डेपोतील डिझेल रस्त्यावरील पंपापेक्षा लिटरमागे सुमारे दहा रुपयांनी महाग झाले. खेड्यातून शाळेला येणारी मुले ज्या गाडीत बसत, ती पूर्ण दर मोजू लागली आणि एकट्या मालकाला वाहून नेणारी मोटार सवलतीचे डिझेल भरत राहिली. अनेक राज्यांतील परिवहन महामंडळांच्या बसगाड्या मग खाजगी पंपांवर रांगा लावू लागल्या. आर्थिक धोरण आपल्याच उद्दिष्टाच्या विरुद्ध कसे जाते, याचे याहून बोलके उदाहरण विरळा.

दहा सी.सी.ची पळवाट

दुसरा प्रयत्न न्यायालयाच्या मार्गाने झाला. दिल्लीतील हवेच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०१५ रोजी राजधानी क्षेत्रात २,००० सी.सी. व त्याहून मोठ्या डिझेल मोटारींची नोंदणी थांबविली. पुढच्याच महिन्यात महिंद्र कंपनीने आपल्या दोन लोकप्रिय मोटारींसाठी १,९९० सी.सी.चे इंजिन बाजारात आणले. दहा सी.सी.च्या फरकाने धुरात काय अंतर पडणार? परंतु नियमाने धूर मोजलाच नव्हता. त्याने सिलिंडरचे आकारमान मोजले होते. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का पर्यावरण शुल्क घेऊन ही बंदी उठविण्यात आली. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल मोटारी चालवू नयेत, हा २०१८ मध्ये कायम झालेला दंडकही वयच मोजत होता. २०२५ मध्ये खुद्द न्यायालयालाच तो सैल करावा लागला.

आता तिसरा पर्याय पुढे आला आहे. विजेवरील मोटार रस्त्यावर धूर सोडत नाही, हा तिचा खरा आणि मोठा गुण. देशातील विजेचा मोठा भाग आजही कोळशापासून होतो हे लक्षात घेऊनही शहराच्या हवेपुरता तो नाकारता येणार नाही. आक्षेप आहे तो सवलतीच्या वाटपाला. सहा लाखांची लहान पेट्रोल मोटार कर्ज काढून घेणारा शिक्षक १८ टक्के वस्तू व सेवा कर आणि वर ११ टक्के मोटार वाहन कर भरतो. कारकुनाच्या मोटारसायकलवरही १८ टक्के. एक कोटीची विजेरी मोटार घेणारा मात्र ५ टक्क्यांवर सुटतो. मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात ३० लाखांवरील विजेरी मोटारींवर ६ टक्के कर सुचविला होता. विजेरी वाहनांच्या धोरणाबाबत चुकीचा संदेश जाईल, या कारणाने तो त्याच अधिवेशनात मागे घेण्यात आला. त्यानंतर आलेल्या धोरणाने विजेरी मोटारींना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील पथकरही माफ केला. त्याच मार्गावर शिक्षकाची लहान मोटार पथकर भरूनच पुढे जाते.

आणखी एक गोष्ट सहसा चर्चेत येत नाही. राज्याच्या मोटार वाहन करास कमाल मर्यादा आहे. ती १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाखांवर नेण्यात आली. पंधरा टक्क्यांच्या दराने ही मर्यादा दोन कोटींवर गाठली जाते. त्यापुढे मोटार तीन कोटींची असो वा पाच कोटींची, कर तेवढाच. सामान्य ग्राहकाला अशी कोणतीही कमाल मर्यादा ठाऊक नाही.

यातून निघणारा निष्कर्ष इंजिनाच्या एखाद्या प्रकाराविरुद्ध नाही. कर इंजिनाच्या जातीवर न बसवता तीन मोजता येणाऱ्या गोष्टींवर बसवावा: मोटारीची किंमत, तिचे वजन आणि तिच्यातून प्रत्यक्ष बाहेर पडणारा धूर. किंमत ऐपत दाखविते, वजन रस्त्याची झीज आणि धूर समाजाचे नुकसान. विजेरी मोटारीला धुराचा भाग माफ व्हावा. किंमत आणि वजन यांचा भाग का माफ व्हावा? सार्वजनिक सवलत द्यायचीच असेल, तर तिचा पहिला हक्क विजेवरील एस.टी. आणि शहर बसगाड्यांचा आहे; कारण एका बसमागे चाळीस-पन्नास माणसांचा प्रवास स्वच्छ होतो.

असा कर आला, तर आलिशान मोटारीच्या खरेदीदारालाही इंजिनाची निवड आपल्या गरजेनुसार, निश्चिंतपणे करता येईल. त्याला हवे ते इंजिन त्याने जरूर घ्यावे. मात्र त्याची पूर्ण किंमत त्यानेच मोजावी, एवढी अपेक्षा एस.टी.च्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाने बाळगली, तर ती अवाजवी म्हणता येणार नाही.