टायमिंगला हात सर्वांत शेवटी



लईराईच्या जत्रेला शिरगावला गेलो की घरचे मोबाइल दुरुस्त करणे हे माझे ठरलेले काम. यंदा मात्र काकांनी कुळागरातल्या डिझेल पंपापाशी नेले. "तू बीई मरे? मग बघ!" सुरू होताना पांढरा धूर, लोड आला की दम नाही, वरच्या पोफळींपर्यंत पाणी चढेना. खाणींपायी आटलेल्या विहिरी शिरगावने पाहिल्या आहेत. आहे ते पाणी वैशाखात झाडांना पोचलेच पाहिजे. "टायमिंग गेलंय," असे गावात सगळ्यांचे मत होते.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल फवारले की ते पेटते. म्हणजे पंपाने फवारायची वेळ हेच टायमिंग. कॉलेजच्या प्रयोगशाळेत असते त्या किर्लोस्कर टीव्ही-१ इंजिनात पिस्टन वर पोचण्याच्या २३ अंश आधी फवारा सुरू होतो. १५०० फेऱ्यांना एक अंश म्हणजे सेकंदाचा ९००० वा भाग! फवारा लवकर झाला तर इंजिन ठोकते, हँडल उलटा झटका देते. उशिरा झाला तर धूर येतो, ताकद जाते, सायलेन्सर तापतो.

पण हीच लक्षणे खराब नोझल किंवा कमी कॉम्प्रेशननेही दिसतात. म्हणून क्रम असा: आधी फिल्टर आणि लाइनमधली हवा, मग नोझल, मग कॉम्प्रेशन, शेवटी टायमिंग. नोझल तपासताना फवाऱ्यासमोर बोट कधीही धरू नका. त्या दाबाने डिझेल कातडीत घुसते.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही पहिला प्रश्न विचारतो, "चालत होते तेव्हापासून काय बदलले?" गिअरवर चालणारे टायमिंग सहसा आपोआप सरकत नाही. काकांना विचारले तर कळले, गळती काढायला पंप नुकताच उघडला होता. फिल्टर, नोझल, कॉम्प्रेशन ठीक निघाल्यावर मगच पंपाकडे वळलो.

पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून वाकडी नळी लावली. रॅक चालू स्थितीत ठेवून फ्लायव्हील फिरण्याच्या दिशेने हाताने हळूहळू फिरवले. डिझेलची धार जिथे थांबते, तिथे फवारा सुरू होतो. फ्लायव्हीलचा घेर दोरीने मोजून ३६० ने भागला की एका अंशाचे मिलिमीटर मिळतात. पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा उशीर निघाला. पंपाखाली एक शिम जास्त होती. शिम वाढली की फवारा उशिरा, कमी केली की लवकर. ती काढून पुन्हा मोजले. आकडा जुळला आणि संध्याकाळी पाणी वरच्या ओळीपर्यंत गेले.

तुमच्या गावीही असे इंजिन असेल तर एवढेच करा: पंप उघडण्याआधी खुणांचा मोबाइलवर फोटो काढा, शिम मोजून डबीत ठेवा आणि आकडा पंपघराच्या भिंतीवर लिहून टाका. पुढचा मेकॅनिक दुवा देईल.