हत्तीचं वजन किती धरायचं?

ठाण्यातल्या एका सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या रविवारी टँकरच्या पाण्यावरून भांडण झालं नाही. झालं ते केकवरून. तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेनं एका चौकशीला उत्तर दिलं होतं: एक किलोचा चॉकलेट केक, वर फॉन्डंटचा निळा हत्ती आणि पाच फुगे, अठराशे रुपये. सातव्या मजल्यावरून लगेच आलं, ‘नाक्यावर सातशेला मिळतो.’ मग कुणी हसरा चेहरा टाकला, कुणी हात जोडले, सेक्रेटरींनी ‘ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे’ याची आठवण करून दिली आणि एका काकांनी या सगळ्याशी काडीचा संबंध नसलेला सुप्रभातचा गुलाब पाठवला.

या सदराच्या लेखकाला त्या ग्रुपवर तोंड उघडायला घरातूनच बंदी आहे.  तेव्हा जे तिथे लिहिता आलं नाही, ते इथे.

आधी कायद्याचं आणि करांचं उरकून टाकू. 22 सप्टेंबर 2025 पासून केक-पेस्ट्रीवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. तेव्हापासून घरी केक करणाऱ्या बायकांच्या मागे एक प्रश्न लागला आहे: ‘टॅक्स उतरला ना, मग तुमचा भाव का नाही उतरला?’ राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल, तर साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही. ओट्यावर केक करणारी बाई त्या आकड्याच्या गावालाही गेलेली नसते. तिच्या भावात हा कर कधी नव्हताच, तो उतरणार कुठून? चॉकलेट आणि बटर तिला थोडं स्वस्त झालं असेल. पण त्याआधी, डिसेंबर 2024 मध्ये, घाना आणि आयव्हरी कोस्टमधलं पीक बसल्यामुळे कोकोनं न्यूयॉर्कच्या बाजारात टनाला 12,000 डॉलरचा आकडा ओलांडला होता. त्या वेळी सातव्या मजल्यावरून ‘चॉकलेट महागलंय गं, पन्नास जास्त घे’ असा निरोप आल्याचं ऐकिवात नाही.

आता अठराशे की सातशे, याकडे येऊ.

सुनेची हिशेबाची वही सदरलेखकाच्या घरी आली, ती अर्थात गृहमंत्र्यांमार्फत. वहीत प्रीमिक्स, व्हिप क्रीम, चॉकलेट कंपाउंड, फॉन्डंट, जेलचे रंग, बोर्ड, खोका, मेणबत्ती आणि ती प्लास्टिकची सुरी, असं सगळं मिळून 520 रुपये होते. ओव्हनच्या विजेचे आणि फ्रिजचे तिनं 30 धरले होते. महावितरणचा दर महिन्याला 100 युनिटांच्या पुढे गेलं की दुपटीवर जातो, हे तिनं धरलेलं नव्हतं. एकूण 550. इथवर वही चोख होती. त्यापुढच्या रकान्यात ‘वेळ’ असं लिहून तिनं एक छोटीशी रेघ ओढली होती.

ती रेघ म्हणजे साडेसहा तास. चाळणं, फेटणं आणि भाजणं. मग स्पंज पूर्ण गार होईपर्यंत थांबणं, कारण कोमट स्पंजवर क्रीम लावलं की ते पाघळून बोर्डावर उतरतं. आडवे काप, साखरेचं पाणी, क्रीमचा पहिला हात, पुन्हा फ्रिज, पुन्हा दुसरा हात. आणि हत्ती तर आदल्या दिवशीच करावा लागतो. फॉन्डंट मळून त्यात चिमूटभर टायलोज पावडर घालायची, धड टूथपिकवर बसवायचं, पाय चिकटवायचे. कान मात्र वेगळे करून डावाच्या खोलगट भागात वाळत ठेवायचे, म्हणजे त्यांना बाक येतो. सोंड वाळेपर्यंत तिला खालून कापसाचा टेकू. एवढं करून पावसाळ्यात ठाण्याची हवा अशी, की फ्रिजमधून बाहेर काढल्याबरोबर हत्तीला घाम फुटतो आणि रंग ओघळायला लागतो.

अठराशेतून 550 वजा केले तर राहतात 1,250. साडेसहा तासांनी भागलं तर तासाला 190 च्या आसपास. शेवटी तिनं तो केक दिला नऊशेला. सातव्या मजल्यावरच्या बाई लिफ्टमध्ये भेटल्या, ‘अगं, आपल्या आपल्यात काय गं एवढं’ म्हणाल्या आणि विषय मिटला. नऊशेत तासाला 54 रुपये पडले. मॉलमध्ये मोटार नुसती उभी करायला तासाला तेवढ्याच्या घरात पैसे मोजताना याच बाई कधी घासाघीस करत नाहीत. 

नाक्यावरचा केक वाईट असतो असं इथे कुणीच म्हणत नाही. तो चांगला असतो, ताजा असतो आणि सातशेला परवडतोही. दुकानातला माणूस एका घाण्यात वीस स्पंज भाजतो, क्रीम मोठ्या मशीनवर फेटतो आणि तीच ती गुलाबाची फुलं दिवसाला पन्नास केकांवर काढतो. त्याच्याकडे फोटो घेऊन गेलं की तो कॅटलॉग पुढे करतो. ‘यातलं सांगा.’ घरच्या बाईकडे मात्र लोक फोटो घेऊनच येतात. परदेशातल्या कुणा कसलेल्या कारागिरानं तीन दिवस खपून केलेला चार मजली केक, आणि खाली एक ओळ: ‘ताई, सेम असाच, अर्ध्या किलोत.’

अर्धा किलो! खरी मेख इथेच आहे. जी वस्तू डोळ्यांसाठी मागवली जाते, तिचा भाव तागडीवर ठरतो. लग्नाच्या तीन थरांच्या केकमध्ये खालचे दोन थर अनेकदा थर्माकोलचे असतात, पाहुणे कमी आणि फोटो जास्त म्हणून. थर्माकोलवर फॉन्डंट चढवायला, कडा बसवायला, लेस काढायला खऱ्या केकइतकाच वेळ जातो. काही जणी म्हणतात, जास्तच जातो. किलोच्या हिशेबात त्या थरांचं वजन शून्य, म्हणून त्यांची मजुरीही शून्य. हत्तीचंही तेच. गिऱ्हाईक म्हणतं, हत्तीसकट एक किलो धरा. करणारी म्हणते, हत्ती सोडून. या वादात जुन्या लोकांचा ‘पाऊंड’ आणखी गोंधळ घालतो. पाऊंड म्हणजे 454 ग्रॅम, अर्धा किलो म्हणजे 500, आणि आजोबा पाऊंडाचा भाव आठवून अर्ध्या किलोला घासाघीस करतात.

बेकिंगच्या क्लासमध्ये यावर एक तोडगा शिकवतात: साहित्याच्या खर्चाची तिप्पट करा. सोपं आहे, लक्षात राहतं आणि साफ चुकीचं आहे. काजू-बदाम-अक्रोड ठासून भरलेला साधा केक घ्या. साहित्य सातशेचं, हातकाम तासाभराचं. तिपटीनं भाव 2,100. आता बटरक्रीमच्या फुलांचा केक घ्या. साखर आणि बटर, साहित्य तीनशेचं, पण एकेक पाकळी नोझलनं काढत पाच तास मान मोडून बसायचं, भाव 900. या सूत्रानं अक्रोडाला मान मिळतो आणि हाताला पाटलीही मिळत नाही.

उकडीच्या मोदकाकडे बघा. गणपतीच्या दिवसांत पुण्या-मुंबईत घरगुती मोदक तीस-चाळीस रुपयांना एक जातो, कधी त्याहून जास्त. आत काय असतं? तांदळाची पिठी, नारळ, गूळ, वेलची. मोदकवाल्या काकूंना आजवर कुणी ‘किलोचा भाव काय’ असं विचारलेलं नाही. नग किती, एवढंच. एकवीस हवेत म्हटलं की काकू म्हणतात, ‘बुकिंग बंद झालं,’ आणि मोठमोठे साहेब फोनवर अजीजी करतात, ‘निदान अकरा तरी द्या हो.’ पैसे आधी, न्यायला स्वतः यायचं, डबा आपला आणायचा आणि अकराच्या आत यायचं, नाहीतर मोदक गार झाले म्हणून काकूंना बोल लावायचा नाही. या सगळ्या अटी आपण मान खाली घालून पाळतो. चकलीचंही तसंच. घरच्या भाजणीची चकली दुकानापेक्षा महाग असली तर ‘घरगुती आहे ना’ असं कौतुकानं सांगतो. तीच बाई, तोच ओटा, पण केक म्हटला की ‘घरीच तर करतेस’ म्हणून तो स्वस्त हवा.

असं का, यावर सदरलेखकाच्या घरी जेवणाच्या टेबलावर बराच खल झाला. गृहमंत्र्यांचं म्हणणं असं, की मोदक जवळजवळ प्रत्येक घरात कुणी ना कुणी एकदा तरी करून पाहिलेला असतो. उकड चिकट झाली, कळ्या पडल्या नाहीत, वाफेवर ठेवल्यावर टोक फुटून सारण चाळणीत सांडलं, हे सगळं आपल्या डोळ्यांसमोर झालेलं असतं. मोदकवाल्या काकूंना आपण पैसे देतो ते आपल्या त्या फजितीचे. फॉन्डंटच्या हत्तीत मात्र कुणाचीच फजिती झालेली नाही, म्हणून तो सोपा वाटतो. सदरलेखकाला हे पटलं, पण घरात लगेच मान्य करण्याची पद्धत नसल्यामुळे त्यानं विषय आमटीकडे वळवला.

मजुरी आधी ठरवायची रीत आपल्याकडे नवी नाही. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ती आजची लिज्जत. तिथे लाटणाऱ्या बहिणींना किलोमागे वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, मिळते. पापड बाजारात कसा खपतो, भाव चढला की उतरला, ही पुढची गोष्ट. लाटणाऱ्या हाताचा दर आधीच ठरलेला असतो. पापड एकसारखे, म्हणून तिथे किलोचा दर चालतो. हत्ती एकसारखे नसतात.

घरच्या केकमध्ये हाताचा दर पडतो, त्याला घरही जबाबदार आहे. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्या बिनपगारी कामात दिवसाची सरासरी 299 मिनिटं जातात असं दिसलं. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची 97. केकचं काम सुरू होतं ते या पाच तासांच्या नंतर, भांडी आवरून, मुलांना निजवून, रात्री दहाला. रात्रीच्या त्या वेळेचे पैसे मागायचे असतात हे घरात कुणालाच सुचत नाही, कारण दिवसाच्या वेळेचेही कुणी दिलेले नसतात. वीजबिल नवऱ्याच्या खात्यातून जातं, डिलिव्हरीला दीर स्कूटर काढतो, खोक्यांची चळत सासूबाईंच्या कपाटावर. म्हणजे नऊशेच्या त्या केकला अख्ख्या कुटुंबाचं अनुदान असतं आणि ते खातो सातवा मजला.

त्यात चौथ्या मजल्यावर एक नवी मुलगी आली आहे. क्लास नुकताच संपलाय, हात बसायचा आहे, म्हणून ती अर्धा किलो साडेतीनशेला देते. तिला दोष कसा द्यायचा? 2020 च्या टाळेबंदीत तिसऱ्या मजल्यानंही तेच केलं होतं. पण ‘सध्या शिकतेय’ म्हणून सांगितलेला भाव पुढे वर नेणं फार कठीण. गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये जुना मेसेज जपून ठेवलेला असतो आणि तो बरोबर वेळेवर निघतो.

तिसऱ्या मजल्याला सदरलेखकाच्या घरून सल्ला गेला आहे, तो असा. किलोचा भाव सांगायचा तो फक्त साध्या केकचा. सजावटीची मजुरी वेगळ्या ओळीत लिहायची, तासांसकट. हत्तीला वजन नाही, हत्तीला दर आहे. पोचवण्याचे पैसे वेगळे, आणि स्पीडब्रेकरवर केक कलला तर जबाबदारी नेणाऱ्याची. एफएसएसएआयचा 14 आकडी नोंदणी क्रमांक खोक्यावर छापायचा. नाक्यावरच्या दुकानदाराला जो कायदा, तोच तिलाही. निम्मे पैसे आधी घ्यायचे आणि लिफ्टमध्ये भावाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. मजुरीच्या त्या ओळीनं दोन-चार गिऱ्हाइकं तुटतील. तुटू देत, ती साडेतीनशेकडे जाणारच होती.

आणि वाचकांना एक विनंती. मुलाचा वाढदिवस कोणत्या तारखेला येतो, हे तुम्हाला निदान वर्षभर आधीपासून ठाऊक असतं. केकची ऑर्डर आदल्या रात्री दहा वाजता देऊ नका.