कठाणीला भाव नाही, पोरांना काम नाही : दोन्ही प्रश्नांचं उत्तर गुरांच्या बाजारात

विशेष विश्लेषण | चंद्रपूर-गडचिरोली

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जुलै २०२४ मध्ये आली. बारावी पासला महिन्याला ६ हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन. आधी मुदत सहा महिन्यांची होती, पुढे पाच महिने वाढवली. ते अकरा महिने संपले की पोरगा पुन्हा घरी. कायम करा म्हणून प्रशिक्षणार्थ्यांनी राज्यभर आंदोलनंही केली.

दुसरी केंद्राची इंटर्नशिप योजना. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा वय २१ ते २४, मुदत १२ महिने आणि महिन्याला ५ हजार रुपये, तेही देशातल्या मोठ्या कंपन्यांत. कोरची किंवा एटापल्लीच्या पोराने पुण्यात खोली घ्यायची, खानावळ लावायची, तर ५ हजारात भागतं कुठे?

दोन्ही योजनांचा अडचणीचा मुद्दा एकच आहे. पोरगा शिकतो ते काम त्याच्या गावात नाही. आणि गावात जे काम पडून आहे, ते त्याला कोणी शिकवत नाही. असं एक काम आहे गुरांच्या विक्रीचं आणि प्रसिद्धीचं. दूध कंपन्या, पशुखाद्य कंपन्या यासाठी शहरातली पोरं प्रशिक्षणाला ठेवतात. मालाची खरी माहिती गोळा करायची, फोटो-व्हिडिओ करायचे, गिऱ्हाईक शोधायचं, त्याची तक्रार मालकापर्यंत आणायची, एवढंच ते काम. आपल्या दोन जिल्ह्यांत त्याची खरी गरज कठाणी गुरांना आहे.

मान्यता मिळाली, पुढे काय?

भारतीय कृषी संशोधन परिषदेने जानेवारी २०२३ मध्ये पाळीव जनावरांच्या १० नव्या जातींची नोंद जाहीर केली. त्यात विदर्भाची दोन नावं होती, पूर्णाथडी म्हैस आणि आपली कठाणी गाय. गडचिरोलीजवळून वाहते त्या कठाणी नदीचंच हे नाव. दूध आणि ओढकाम दोन्हीला चालणारी, आणि धानाच्या बांधीत, चिखलात चांगलं ओढणारी जात, अशी तिची सरकारी दप्तरात नोंद आहे. शेतकऱ्याला ते आधीपासून माहीत आहे. चिखलणीला आणि बंडीला हेच बैल लागतात.

पण बाजारात या मान्यतेचा रुपयाही दिसत नाही. आठवडी बाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबतो आणि कठाणी गोऱ्ह्याला 'गावठी' म्हणून भाव सांगतो. खिल्लारच्या खोंडाला नाव सांगून भाव मिळतो, कारण खिल्लार म्हणजे काय हे शर्यतवाल्यापासून व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. कठाणीचं नाव नागपूरच्या गिऱ्हाइकाला माहीत नाही. आपल्याच कितीतरी गोठ्यांतही माहीत नाही.

सरकारच्या योजनांचा भरही दुसरीकडे आहे. विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाचा दुसरा टप्पा १९ जिल्ह्यांसाठी आहे, त्यात आपले दोन्ही जिल्हे येतात. मात्र त्याचं लक्ष दूध वाढवण्यावर, आणि कठाणी लिटरच्या हिशेबात मागे पडते. ३० सप्टेंबर २०२४ ला देशी गाईला राज्यमाता-गोमाता म्हटलं गेलं आणि दर गाईमागे रोज ५० रुपये अनुदान मंजूर झालं. ते गोशाळेतल्या गाईला. शेतकऱ्याच्या गोठ्यात उभी असलेली गाय त्यात येत नाही.

वाघाने गाय मारली की भाव कळतो

भाव नसण्याचा फटका जंगलालगतच्या गावांना आणखी एका ठिकाणी बसतो. २०२२ मध्ये वाढवलेल्या दरांप्रमाणे वाघ-बिबट्याने गाय, बैल किंवा म्हैस मारली तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार रुपये, यातली कमी असेल ती रक्कम मिळते. लोकांच्या लक्षात ७० हजार राहतात. हातात मात्र बाजारभावावर ठरलेली रक्कम पडते.

हिशेब सोपा आहे. पंचनाम्यात बैलाची किंमत २० हजार लिहिली तर भरपाई १५ हजार. तोच बैल ४० हजारांचा धरला तर ३० हजार. बैल एकच, जोडीतला दुसरा दावणीला एकटा उभा, रोवणी तोंडावर. फरक फक्त कागदावरच्या किमतीचा. कठाणी बैल कुठल्या बाजारात किती रुपयांना गेला याची लेखी नोंदच नसेल, तर शेतकरी कशाच्या जोरावर बोलेल? ताडोबाच्या वाघाची माहिती जगभर पोहोचली. त्या वाघाच्या तोंडी जाणाऱ्या जनावराची चार ओळींची माहिती कुठे नाही.

बन्नीच्या लोकांनी काय केलं?

गुजरातच्या कच्छमधलं बन्नी हे गवताळ रान. तिथल्या मालधारी पशुपालकांनी २००८ मध्ये स्वतःची संघटना केली आणि दरवर्षी पशुमेळा भरवायला सुरुवात केली. २०१० मध्ये बन्नी म्हशीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. पुढे बाहेरचे गिऱ्हाईक येऊ लागले आणि म्हशींचे भाव चढले. तिथे संघटना आणि मेळा आधी होता, मान्यता नंतर आली. आपल्याकडे मान्यता आली, पण तिच्यामागे बाजार उभा राहिला नाही.

प्रसिद्धी कशी करायची हे झाडीपट्टीला शिकवायला नको. वडशाच्या नाटक कंपन्या पोस्टर लावून, गावोगावी तारखा ठरवून नाटकं लावतात. कोणत्या गावात कोणतं नाटक, हे पंचक्रोशीला आधी कळतं. कोणत्या गावात विकायला कठाणी जोडी आहे, हे मात्र शेजारच्या गावाला कळत नाही.

पोरांना नेमकं काम कोणतं?

एक, बाजाराच्या दिवशी उभं राहून कोणतं जनावर, किती दाती, किती रुपयांना गेलं याची वही ठेवायची. सहा महिन्यांत ती वही पंचनाम्यात दाखवता येईल असा कागद होईल. दोन, विक्रीच्या जनावराचा फोटो, चालतानाचा व्हिडिओ आणि कानातल्या टॅगचा नंबर एकत्र करून गटावर टाकायचा. राज्यात १ जून २०२४ पासून बिनटॅगच्या जनावराच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे, त्यामुळे हा नंबर लागणारच. तीन, पोळ्याला किंवा शंकरपटाला कठाणी जोड्यांची वेगळी रांग लावायची. चार, लसीकरण आणि १९६२ या फिरत्या दवाखान्याच्या नंबरची माहिती माडिया, गोंडी बोलणाऱ्या पाड्यांत त्यांच्याच बोलीत सांगायची. हे शेवटचं काम पुण्याहून आलेला प्रशिक्षणार्थी करू शकणार नाही.

यात खोटेपणा शिरला तर सगळं बुडेल. ए-टू दुधाचंच बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पाकिटावरचा तो दावा काढायला सांगितला आणि पाच-सहा दिवसांत आदेश मागे घेतला. गिऱ्हाईक गोंधळलं ते गोंधळलंच. मोबाईलवर स्वस्त गाय दाखवून आगाऊ पैसे उकळणारेही आहेत. म्हणून आधी जनावर बघायचं, टॅग जुळवायचा, मग पैसे द्यायचे, हा नियम गटाचा पहिला नियम असायला हवा.

पैसा कुठून येणार?

नवी योजना मागायची गरज नाही. विद्यावेतनाची योजना आहे, जिल्हा परिषदेचा पशुसंवर्धन विभाग आहे, नागपूरला पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, उमेदच्या पशुसखी गावात आहेत. बाजार भरतो त्या प्रत्येक तालुक्याला दोन प्रशिक्षणार्थी या कामाला नेमले तर अकरा महिन्यांनंतर त्यांच्या हातात नुसतं प्रमाणपत्र नसेल. ओळखीचे गिऱ्हाईक असतील, आणि विक्रीमागे ठरलेला मोबदला घेऊन हे काम पुढे चालवता येईल. दलालही तेच करतो, फक्त वही ठेवत नाही.

तोवर शेतकऱ्याच्या हातात एक गोष्ट आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन आपल्या जनावराच्या १२ अंकी टॅगपुढे जात कोणती लिहिली आहे ते विचारावं. जनावर कठाणी असून तिथे 'गावठी' लिहिलं असेल, तर तपासून नोंद दुरुस्त करायला सांगावं. नोंदच चुकीची असेल तर कठाणी किती उरली हेही सरकारला कळणार नाही, आणि जी मोजली गेली नाही तिच्यासाठी योजनाही येणार नाही.