जीवशास्त्राची पदवी आणि कर्जाचा हिशेब

माग घेताना आमचा बांधव सुताचा भाव, वीजबिल, कापडाचा खप सारे पाहतो. मुलाच्या शिक्षणाचे कर्ज मात्र डोळे मिटून काढतो. 'नीट'ला गुण कमी पडले की खासगी कॉलेजात बी.एस्सी. बायोटेक; ४ लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही, मग काय, सही!

समजा, ४ लाख तीन वर्षांत तीन समान भागांत उचलले, व्याज १० टक्के. शिक्षणाची ३ वर्षे व पुढील १ वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढतच असते. हप्ते सुरू होताना देणे ५ लाख २० हजार होते. ७ वर्षांत फेडायचे तर महिना ८,६०० रुपये. लॅबमध्ये पगार १५ हजार धरला तर घरात काय येणार? व्याजाच्या गुनाहचा प्रश्न वेगळाच, तो उलेमांनी सांगावा.

इल्म तराजूत तोलू नये, हे आम्हांस मान्य. आम्ही कर्ज तोलतो आहोत. अनुदानित कॉलेजात प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र थोड्या फीत, बिनकर्जी शिकता येते. बायोटेकचाच हट्ट असेल तर कॉलेजला आधी विचारावे : गेल्या तीन वर्षांतली मुले कोठे, किती पगारावर लागली?